वरची मूठ

त्या सकाळी आमच्या माळवदावर आठ माणसं, दोन शेळ्या, एक पाळणा, पाण्याने भरलेल्या चार कळश्या, एक स्टोव्ह आणि रॉकेलची अर्धी बाटली होती. समोरच्या माळवदावर ज्वारीची सात पोती होती, एक छत्री होती आणि ती छत्री धरून उभा असलेला एक तरुण होता. छत्रीखाली दोन पोती मावत होती. तो माणूस स्वतः छत्रीच्या बाहेर होता.

मी जरा वेळ बघत राहिले. थोड्या थोड्या वेळाने तो छत्री पुढच्या दोन पोत्यांवर सरकवी. सात हा आकडा विषम असल्यामुळे शेवटी एक पोतं एकटंच उरे, आणि तेव्हा, फक्त तेव्हाच, छत्रीखाली त्याच्या डोक्याला जागा होई.

“अहो,” मी हाक मारली, “अशाने सातही पोती भिजतील.”

त्याने मान वर केली. पापण्यांवरून पाणी निथळत होतं. “भिजतील की. पण सारखी भिजतील. एकावर अन्याय नको.”

“आणि तुम्ही?”

“मी काय पोतं आहे का ओ? मी वाळतो.”

मी मागच्या ढिगातून दोन घोंगड्या उचलल्या. “लोकरीच्या आहेत. पाणी वरून ओघळतं, आत लवकर उतरत नाही. झेला!”

पहिली घोंगडी बरोबर पोत्यांवर पडली. दुसरी त्याच्या डोक्यावर पडली. तो घोंगडीतूनच बोलला, “नेम चुकला म्हणायचा का हा?”

“बोळ साडेतीन हात रुंद आहे,” मी म्हणाले. “एवढ्या अंतरावर माझा नेम चुकत नाही.”

मागे आई खोकली. तिला खोकला नव्हता.

श्रावणातला पाऊस तीन दिवस थांबलाच नव्हता. शुक्रवार पेठेच्या मागचा ओढा तुंबला आणि उजाडताना पाणी आमच्या बोळात शिरलं. गिरणीचा भोंगा त्या दिवशी वाजला नाही. तेव्हाच पेठेला कळलं की हा नेहमीचा पाऊस नव्हे. खालच्या खोल्यांत राहणारं विणकरांचं कुटुंब पाळणा आणि शेळ्या घेऊन आमच्याबरोबर वर आलं, बांबूंवर घोंगड्या ताणून आडोसा झाला, आणि पांढऱ्या मातीची सपाट माळवदं हीच पेठेची जमीन झाली.

त्या वर्षी मी पुण्याहून बी. एस्सी. होऊन आषाढात घरी परतले होते. समोरच्या घरात त्याआधी, वैशाखात, अक्कलकोटहून नवं बिऱ्हाड आलं होतं. त्यांतल्या पार्वतम्मांना मी ओळखत होते, कारण त्यांना न ओळखणं शक्य नव्हतं. त्यांचा आवाज बोळाच्या दोन्ही टोकांना सारखाच ऐकू येई. त्यांचा मुलगा शिवशरण धान्याच्या दुकानात पहाटे जाई आणि दिवे लागल्यावर येई. म्हणून आम्ही समोरासमोर राहूनही एकमेकांना पाहिलं ते पहिल्यांदा या पुरात.

घरी मी आणि आई दोघीच होतो. आप्पा भांड्यांचे व्यापारी. गूळ कढवायच्या मोठ्या लोखंडी काहिली ही त्यांची खासियत. चार दिवसांपूर्वी दोन काहिली गाडीत घालून ते करकंबच्या बाजारला गेले होते. गाडी हाकायला ज्ञानबा होता. परतीच्या वाटेवर सीना उतरावी लागते. आदल्या संध्याकाळीच त्यांनी यायला हवं होतं.

आई हे बोलून दाखवत नव्हती. ती फक्त दर थोड्या वेळाने पदर सारखा करून पश्चिमेकडे बघे. मला वाटायचं, काहीतरी हातात घेतलं नाही तर मीही तशीच बघत बसेन. म्हणून मी एक लांब बांबू घेतला, त्यावर चुन्याने बोटाबोटाच्या रेघा ओढल्या आणि तो माळवदाच्या पन्हाळीला बांधून बोळात सोडला. उंबरा म्हणजे शून्य. तिथून वर पाणी किती बोटं चढलं, ते वरून स्पष्ट वाचता येई.

“काय करताय ओ?” शिवशरणनी विचारलं.

“पाणी मोजतेय.”

“मोजून कमी होईल?”

“नाही. पण घाबरायचं किती, ते ठरवता येईल.”

ते हसले नाहीत. त्यांनी मान तिरपी करून बांबूकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे लोकांना कळायला पाहिजे. मी पुढं सांगतो.”

आमचं घर ओढ्याच्या तोंडाशी, एकटं. पेठेची बाकीची माळवदं त्यांच्या घरापासून सुरू होऊन एकाला एक लागून पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेलेली. त्यामुळे माझं माप त्यांच्याकडून पुढे जाई, आणि रस्त्यावरच्या सगळ्या बातम्या माळवदांवरून उड्या मारत त्यांच्याकडे येत. मग ते कठड्याशी उभे राहून त्या मला सांगत. भुसाराच्या गल्लीत गुडघाभर पाणी. सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी पायऱ्या सोडून वर आलंय, पण देवळाला धक्का नाही. कुणाच्या तरी लग्नातला मंडप वाहत येऊन बाजारात अडकलाय.

“श्रावणात लग्न?” मी विचारलं.

“मंडप लग्नाचाच आहे. लग्न मागच्या वैशाखातलं असेल.” मग जरा थांबून, “तुम्ही प्रत्येक बातमीला असंच उलटतपासणीला उभं करता?”

“बातमीला करते.”

“मग सांगणाऱ्याला सोडता?”

“त्याची पाळी अजून आली नाही.”

प्रत्येक बातमीच्या शेवटी आई विचारी, “आणि करकंबच्या वाटेचं काही?” आणि ते प्रत्येक वेळी आवाज मऊ करून म्हणत, “अजून काही नाही, मावशी. आलं की पहिलं तुम्हाला.”

*

दुपारी गोंधळ उठला. ओरडा, हशा, आणि त्यात एक खर्जातला हंबरडा. मी कठड्यावर चढून पाहिलं. पलीकडे चार घरं सोडून मडिवाळप्पांच्या माळवदावर एक म्हैस उभी होती. घरामागच्या उकिरड्याचा उतार त्यांच्या माळवदाला भिडलेला. त्यावरून तिला वर चढवलं होतं. ती सगळ्या पेठेकडे अशा नजरेने बघत होती, जणू आम्हीच तिच्या गोठ्यात शिरलो होतो.

“मडिवाळप्पा,” मी तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडले, “म्हैस वर का आणलीत?”

“पानी बावीस बोटं चढलंय म्हनं की!” तिकडून उत्तर आलं. “बावीस बोटाला माझा गोठा बुडतो!”

मी बांबूकडे पाहिलं. चौदा.

चौदाचे बावीस कसे झाले, हे शोधून काढल्याशिवाय मला राहवेना. मी शिवशरणना विचारलं, “तुम्ही पुढे किती सांगितलंत?”

“सोळा,” ते अगदी सहज म्हणाले.

“मी चौदा सांगितले होते!”

“हो की. चौदा आणि वर दोन.”

“वर दोन कशाला?”

ते गोंधळले, म्हणजे खरोखरच गोंधळले. “माप दिलं की वर मूठ घालायची असते, नाही का? गिऱ्हाइकाला कमी भरलं तर पाप लागतं. ज्वारी मोजून झाली की शीग लावायची, मग वर एक मूठ. आमच्याकडं तेच शिकवलंय लहानपणापासनं.”

“ही ज्वारी नाही. हे पाणी आहे!”

“पाणी कमी सांगितलं आन् लोक बुडाले तर?”

पेठेत सगळी दुकानदारांची घरं. मग पुढे चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. शिवशरणकडून सोळा ऐकून त्यांच्या शेजारच्या नरसय्यांनी अठरा सांगितले, त्यांच्या शेजाऱ्यांनी वीस, त्यापुढच्यांनी बावीस, आणि तेच मडिवाळप्पांच्या कानावर गेले. चार घरं, प्रत्येकाची एक मूठ. कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी फक्त माप भरभरून दिलं होतं.

मला राग आला होता आणि हसूही येत होतं; दोन्ही एकदम आवरताना माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. शिवशरण तो बघत होते. पावसात उभं राहून, घोंगडी कानावर घेऊन, निवांत बघत होते.

“आता म्हैस खाली कशी येणार?” मी विचारलं.

“येत नाही म्हणे. वरची हवा आवडली तिला.” मग खालच्या आवाजात, “पण मडिवाळप्पा म्हणतात, दूध पेठेतल्या पोरांना वाटतो. आज दुधाचा रतीब कुणाकडंच आला नाही. तुमच्या पाळण्यातल्या बाळाला पण येईल. मूठ काही वाया गेली नाही, बघा.”

अर्ध्या तासाने चार माळवदं पार करून एक चरवी आली. शेवटचे साडेतीन हात ती दोरीवरून आली. दूध अजून कोमट होतं. मी दोरी ओढत होते, ते सोडत होते. त्यांनी दोरी जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

“सोडा की,” मी म्हणाले.

“सांडेल... म्हणून धरलीय.”

“चरवी माझ्या हातात आहे.”

“असं होय,” ते म्हणाले आणि दोरी सोडली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कठड्याशी आले आणि माझ्या मागे कुणाला तरी शोधू लागले. एरवी ते येता येताच बोलायला लागत.

“काय झालं?”

“मावशी कुठं आहेत?”

“स्टोव्हपाशी.”

ते कठड्यावर पुढे वाकले. आवाज इतका हळू केला की बोळातल्या पाण्यावरून तो कसाबसा पोचला. “सीनेच्या उतारावर एक गाडी वाहून गेली म्हणतात. काहिलीवाल्यांची गाडी.”

माझ्या हातात चुन्याची वाटी होती. ती मी कठड्यावर ठेवली. नीट ठेवली, एवढं आठवतं.

“कोण म्हणतं?”

“मला नरसय्यांनी सांगितलं. त्यांना शेजारच्यांनी. त्यांना त्यापुढच्यांनी. त्यांना मडिवाळप्पांनी. मडिवाळप्पांना रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं ओरडून सांगितलं. त्यानं स्वतः पाहिलं का, हे कुणी विचारलं नाही. गाडीत माणसं होती का, ठाऊक नाही. बैल जुंपलेले होते का, तेही नाही.” त्यांनी श्वास घेतला. “एवढंच आलंय. मी यात काही घातलं नाही... काढलं पण नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. काल दोन बोटांवरून भांडणारा हा माणूस. त्याला एक शब्द काढून टाकता आला असता. ‘काहिलीवाल्यांची’ एवढा एकच शब्द. मग ती कुणाचीही गाडी झाली असती आणि आम्ही दोघी आणखी एक दिवस आशेवर राहिलो असतो.

“काढता आलं असतं,” मी म्हणाले.

“आलं असतं. सगळी वाट तेच ठरवून आलो होतो. पण तुमचं तोंड पाहिलं आणि...” ते थांबले. “तुम्हाला कमी माप द्यायचं जिवावर आलं.”

बोलले असते तर रडले असते, आणि आई दहा हातांवर होती.

“स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत सीनेकडची माणसं आणून ठेवलीत, असं ऐकलंय,” ते म्हणाले. “पाहिलेलं नाही. मी जाऊन येतो.”

“कशातून?”

दोघांनीही एकदमच खाली पाहिलं. आमच्या दुकानाच्या दारातून एक काहील अर्धी बाहेर आली होती आणि बोळाच्या पाण्यावर डुलत होती. आप्पांची सगळ्यात मोठी. गुऱ्हाळावर तिच्यात उसाचा रस उकळायचा, आणि पूर आला की नदीकाठचे लोक तिच्यात बसून पैलतीरी जातात, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं.

“थांबा,” मी म्हणाले. “गोल आहे. एका बाजूने रेटलंत तर पुढे जाणार नाही, जागच्या जागी गरगरेल. दोघं बसा, समोरासमोर. दोघांनी एकदम वल्हवायचं. आणि मधे काहीतरी जड ठेवा, म्हणजे कलंडणार नाही.”

“तुम्ही कधी बसला होता?”

“परातीत बाहुल्या बसवून हौदात सोडल्या होत्या. सात वर्षांची असताना.”

“बुडाल्या?”

“पहिल्या दोन बुडाल्या.”

“तिसरा मी, असं समजतो,” ते म्हणाले.

नरसय्या आणि ते असे दोघे बसले. मधे पार्वतम्मांचं जातं ठेवलं. पार्वतम्मा वरून ओरडत होत्या, “अय्यो शिवा! माझं जातं बुडवलंस तर घरात येऊ नको बघ!” पण पदराचं टोक त्यांनी दातात घट्ट धरलं होतं. पहिल्या वळणावर दोघांनी एकाच बाजूला वल्हं मारलं आणि काहील गरगरली.

“दोन्ही बाजूंनी!” मी ओरडले.

काहील सरळ झाली. वळण घेताना त्यांनी मागे वळून पाहिलं. हात हलवायला मोकळा नव्हता. नुसतं पाहिलं.

आई माझ्या शेजारी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. “कुठे गेला तो?” तिने विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, जसं मला मिळालं होतं तसं. तिने कठडा धरला आणि ती खाली बसली. मग आम्ही दोघी बांबूकडे बघत राहिलो. पाणी ना चढत होतं, ना उतरत होतं.

*

दिवे लावायच्या वेळेला वल्ह्यांचा आवाज आला. काहिलीत आता तीन डोकी होती. मी कठड्यावरून इतकी वाकले की आईने माझा पदर धरला.

“बातमी आणली का?” मी विचारलं. आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटला नाही.

“बातमी नाही आणली,” शिवशरण खालून म्हणाले. ओलेचिंब, दोन्ही तळहातांना फोड. “तुम्ही तपासत बसला असता. म्हणून सांगणारा माणूसच आणलाय.”

तिसरं डोकं वर झालं. ज्ञानबा!

“ताई, आप्पा बरं हायती!” तो ओरडला. “आक्का, रडू नगा, आप्पा लई बरं हायती! उताराला पानी दिसलं तवाच म्हनले, ग्यानबा, बैलं सोड आदी. बैलं सोडली आन् गाडी ग्येली की! रिकामीच हुती. काहिली करकंबातच इकल्या. म्या आन् आप्पा देवळात ऱ्हायलो. आप्पांचा पाय जरा मुरगाळलाय, चालवना, म्हून म्या एकला रुळावरनं फुडं आलो.”

“तू स्वतः त्यांना शेवटचं कधी पाहिलंस?” मी विचारलं.

“आज सकाळी की ओ! भाकरी खात हुते. कांदा न्हाय म्हनून वरडत हुते माज्यावर.”

आई हसली आणि रडली. मग तिने ज्ञानबाला वर घेऊन भाकरी आणि दूध दिलं. दूध माळवदावरच्या म्हशीचं आहे हे ऐकून तो म्हणाला, “म्हस? माळवदावर? सोलापूर बिगाडलं की वो!”

मी कठड्याशी गेले. शिवशरण त्यांच्या माळवदावर येऊन हातांवर फुंकर घालत होते. मला खूप काही म्हणायचं होतं. मी एक कोरडी घोंगडी उचलली आणि टाकली.

ती त्यांनी झेलली. या वेळी ती डोक्यावर टाकलेली नव्हती.

*

पूर आल्याच्या चौथ्या दिवशी पाऊस थांबला. ऊन पडलं. माळवदांवर लुगडी, धोतरं, गोधड्या, सगळी पेठ वाळत पडली. बोळात मात्र कमरेएवढं गढूळ पाणी अजून होतंच. ओढ्याचं तोंड गाळाने बुजलं होतं. त्या सकाळी पार्वतम्मा देवदर्शनाला म्हणून काहिलीत बसल्या, काहील तीनदा गरगरली, आणि त्या परत वर येऊन म्हणाल्या की पुन्हा या जन्मात नाही.

शिवशरण ज्वारी पसरत होते. वरची ओली, खालची कोरडी, असे वाटे करत होते.

“पाणी ओसरलं की,” ते ज्वारीकडे बघत म्हणाले, “माळवदावर यायचं काही कारण राहणार नाही.”

“ज्वारी वाळवायची आहे ना तुम्हाला?”

“सात पोती.”

“मग सात दिवस तरी लागतील.”

“पोत्यामागं दोन दिवस धरा.”

“पुन्हा वर मूठ!”

“ही एक घालू द्या की ओ,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

मीही ज्वारीकडेच बघू लागले. पलीकडच्या माळवदावरची ज्वारी. चिमण्या येत होत्या आणि त्यांना कुणी हाकलत नव्हतं.

“एक सांगू?” ते उठून कठड्याशी आले. हातातली ज्वारी तशीच मुठीत होती. “तुम्ही मला आवडता. लई... नाही, ‘लई’ काढून टाका. नुसतं आवडता. जेवढं आहे तेवढंच सांगितलंय.”

“मग ‘लई’ कशाला काढलंत?” मी विचारलं.

“वरची मूठ वाटेल म्हणून.”

“आणि ती खरंच मूठ होती?”

त्यांनी मूठ उघडून ज्वारीकडे पाहिलं. “नाही. ती मापातलीच होती.”

“मग राहू द्या,” मी म्हणाले.

माझे कान तापले होते. नाडीही भराभर चालत होती. मोजायची इच्छा झाली नाही. “माझं उत्तर होय आहे,” मी म्हणाले. “तुम्ही तुमच्या आईंना सांगा, मी आप्पा आले की त्यांना सांगेन. पण मधे कुणाजवळ बोलू नका. बातमी माळवदावर गेली की काय होतं, ते ठाऊक आहे ना?”

“नाही बोलणार,” ते म्हणाले.

ते बोललेही नाहीत. पण नरसय्या मागे लुगडी वाळत घालत होते, आणि नरसय्यांना कान होते.

*

आप्पा शनिवारी आले. मोठ्या रस्त्यापर्यंत टांग्याने, आणि तिथून ज्ञानबा आणि आणखी एक गडी काहिलीतून घेऊन आले. पाय पुढे पसरलेला, काठी आडवी. पेठेच्या त्या टोकाकडून या टोकाकडे.

मडिवाळप्पांनी माळवदावरूनच हात जोडले. “वीरभद्रप्पा, लई आनंद झाला! जावयानं वाजंत्री अक्कलकोटची सांगितली म्हनं? आमच्या म्हशीचं दूध खिरीला घ्या हं!”

आप्पा म्हणाले, “कुणाचा जावई?” पण काहील पुढे आली होती.

पुढच्या दोन माळवदांवरून कळलं की वाजंत्री अजून ठरायची आहे, पण मुहूर्त कार्तिकातला धरलाय. त्याच्या पुढच्या, म्हणजे नरसय्यांच्या माळवदावरून कळलं की मुहूर्त नाही, नुसती सुपारी फुटायची आहे. अशा तऱ्हेने आप्पा जसजसे घराजवळ येत गेले तसतसं माझं लग्न लहान लहान होत गेलं. शेवटी काहील बोळात शिरली, तेव्हा कठड्याशी शिवशरण उभे होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “मी विचारलंय फक्त, आप्पा. बाकी सगळं वाटेतलं आहे.”

आप्पांना वर आणलं. आईने त्यांचे पाय धुतले, मुरगळलेल्या पायावर हळद-चुना लावला. त्यांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली. मग मला म्हणाले, “नीला, उगमापाशी माप किती आहे?”

“त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. एवढंच.”

“सीनेच्या काठी मला वाटलं होतं,” आप्पा म्हणाले, “की तुला परत बघायला मिळतंय की नाही. आता मिळालंय. आणि माझी काहील घेऊन, हातांना फोड येईस्तोवर, माझी खबर आणायला कोण गेलं होतं, ते ज्ञानबाने सांगितलंय मला.” त्यांनी पाय जरा सरकवला. “एवढंच म्हणालीस ना? एवढंच म्हणजे पुष्कळ झालं.”

आईने डोळ्याला पदर लावला आणि समोर हाक मारली, “पार्वतम्मा! आप्पा होय म्हणताहेत!”

“मग मी येते की!” समोरून गर्जना आली. “असं वरच्या वर बोलून होतंय का? सोमवारी येते. सिद्धेश्वराचा वार आहे. खण-नारळ घेऊन रीतीनं येते!”

सोमवारी बोळात पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं, आणि त्यातही बराचसा गाळच. काहील अडकली असती, आणि काहिलीचं तर नावही काढायचं नव्हतं. तेव्हा शिवशरणनी दुकानाची एक फळी आणली, दुकान बंद करताना उभी लावतात त्यांतली, आणि ती त्यांच्या माळवदावरून आमच्या माळवदावर टाकली.

पार्वतम्मा हातात ताट घेऊन फळीपाशी आल्या. नवं इरकल, नाकात नथ, कपाळावर भस्माच्या तीन रेघा. त्यांनी फळीकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं, आणि मागे सरकल्या.

“अय्यो. ही मोडंल.”

“मोडत नाही, अव्वा,” शिवशरण म्हणाले. “सागाची आहे.”

“तू वाळलेला बोंबील. तुझ्या वजनानं काय कळतंय? माझ्याएवढं वजन ठेवून दाखव.”

“एवढं वजन कुठून आणू?”

पार्वतम्मांनी ताट कठड्यावर ठेवलं आणि दोन्ही हात कमरेवर घेतले. “तू आन् निलव्वा. तुमी दोघं मिळून माझ्याएवढं व्हता. जावा, मधोमध उभं ऱ्हावा. मोडली तर खाली चिखलच आहे. न्हाई मोडली तर मी येते.”

सगळ्या माळवदांवर हशा पिकला. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा आकाशाकडे बघत होते, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

फळीच्या माझ्या टोकाला मी आणि त्यांच्या टोकाला त्यांनी खिळा ठोकला, आणि वाक मोजायला मधे दोरा ताणून बांधला, फळीला अगदी लागून. मग साडीचा घोळ आवरला आणि फळीवर पाय ठेवला. ते त्यांच्या बाजूने आले. दोन दोन पावलं, आणि आम्ही मधोमध समोरासमोर होतो. फळी रुंदीला एक हातसुद्धा नव्हती. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. फोड आता वाळले होते.

“भीती वाटते?” त्यांनी विचारलं.

“फळीची नाही.”

“अगं, मोज की!” पार्वतम्मा ओरडल्या. “किती वाकली सांग!”

एक हात त्यांच्या हातात ठेवून मी खाली वाकले आणि दोऱ्याच्या आणि फळीच्या मधे बोटं धरली. पेठ थांबून बघत होती.

“किती?” पार्वतम्मांनी विचारलं.

“दीड बोट,” मी सांगितलं, वर मूठ न घालता. पार्वतम्मांनी ताट उचललं.